दीड गुंठ्यातले बारा महिने

(मंडळाच्या मासिक स्नेहमेळाव्यात दिलेल्या भाषणाचे शब्दांकन)



माझी ओळख करून देताना 'ताईंची बाग' असा उल्लेख झाला. प्रथम तेवढी दुरुस्ती करते. बाग माझी नाही. माझ्या घरी गॅलरीत एक तुळस, एक कोरफड आणि एक रुसलेला मोगरा, एवढाच संसार आहे. ज्या बागेबद्दल आज बोलायचे आहे ती आपल्या बंगळुरातल्या एका सरकारी कन्नड शाळेच्या मागे आहे. जागा शाळेची, कष्ट मुलांचे, आणि आम्ही पंधरा-सोळा जण दर शनिवारी सकाळी तिथे जाणारे. जागा दीड गुंठा, म्हणजे इथल्या भाषेत एका 'थर्टी-फॉर्टी साइट'पेक्षा थोडी मोठी. पूर्वी तिथे मोडकी बाके आणि बांधकामाचा राडारोडा पडलेला असे.

आमच्या गटात माझ्यासारखे निवृत्त लोक आहेत, कृषी पदवीधर असलेली एक गृहिणी आहे, संगणक कंपन्यांतले चार-पाच तरुण आहेत. पाचवी ते सातवीच्या मुलांना भाजीपाला लावायला शिकवायचा, आणि त्या निमित्ताने त्यांच्या विज्ञानाच्या पुस्तकातले थोडेफार मातीत आणून दाखवायचे, असे आमचे काम. बँकेतून निवृत्त झाल्यावर मी यात पडले. कन्नड मला बाजारहाटापुरते येत होते, ते मुलांनी सुधारून घेतले. खताला कन्नडमध्ये 'गोब्बर' म्हणतात. नवीन आलेल्या प्रत्येक मराठी किंवा हिंदी स्वयंसेवकाला ते शेण वाटते, आणि मुले त्याची मजा बघत उभी राहतात.

मी मिरजेकडची. काळ्या मातीत वाढलेल्या माणसाला इथली तांबडी माती पहिल्यांदा माती वाटतच नाही. ती पाणी धरून ठेवत नाही. सकाळी भिजवलेला वाफा दुपारी पुन्हा कोरडा. तिच्यात कुजलेला पाला आणि खत मिसळत राहिले तरच ती भाजीला साथ देते. म्हणून आमच्या शाळेत पहिले पंधरा दिवस बी पेरायचे नाही, फक्त खताचा ढीग रचायचा. हिरवा ओला कचरा एक थर, वाळलेला पाला दोन थर. मुलांना हे फार कंटाळवाणे वाटते. पण आठवड्याने त्या ढिगात हात घालायला सांगावे. आत चटका बसण्याइतके गरम लागते आणि मग मुले कंटाळा विसरतात. चूल नाही, विस्तव नाही, मग हे तापले कशाने, हा प्रश्न मुलेच विचारतात. सूक्ष्मजीवांचा धडा तिथून सुरू होतो.

पावसाचे गणितही इथे वेगळे. गणपती गेले की पाऊस संपत आला, हा आपल्याकडचा हिशेब. बंगळूर मात्र सह्याद्रीच्या पूर्वेला, पर्जन्यछायेत आणि समुद्रसपाटीपासून सुमारे नऊशे मीटर उंचीवर आहे. जूनचा पाऊस इथे बेताचा असतो. वर्षातला सर्वांत जास्त पाऊस सप्टेंबरात पडतो आणि ऑक्टोबरही फारसा मागे नसतो. आपले लोक मृगाच्या सवयीने जूनमध्येच सगळे बियाणे संपवतात आणि ऑक्टोबरात मोकळ्या वाफ्याकडे बघत बसतात. आम्ही जूनमध्ये भेंडी, गवार आणि वेलवर्गीय भाज्या घेतो. जुलै-ऑगस्टमध्ये नाचणीच्या दोन ओळी आणि अवरे, म्हणजे आपला पावटा. मुळा, गाजर, टोमॅटो हे पावसाचा जोर ओसरल्यावर.

वेलांचा एक गमतीचा भाग सांगते. लाल भोपळ्याचे फूल पहाटे उमलते आणि दुपारपर्यंत मिटते. त्यामुळे शनिवारी सकाळी लवकर गेले की नरफूल तोडून मादीफुलावर परागकण लावणे मुलांना दाखवता येते. मादीफुलाखाली इवलासा भोपळा आधीपासूनच असतो, तो ओळखायला मुले एका दिवसात शिकतात. पण दुधी भोपळ्याचे पांढरे फूल संध्याकाळी उमलते. शाळा सुटल्यावर! एका वर्षी सातवीतल्या मुलांनी हट्टाने संध्याकाळची परवानगी मागितली, आणि पतंग त्या फुलांवर येताना पाहिले. कागदावर कितीही चित्रे काढली असती तरी ते समजले नसते.

आता पावसाळ्यातला आमचा मुख्य शत्रू. आपल्यापैकी ज्यांची तळमजल्यावर बाग आहे त्यांनी ओळखलेच असेल. आफ्रिकन गोगलगाय! तळहाताएवढी होते, रात्री बाहेर पडते, आणि एका रात्रीत रोपांचा वाफा साफ करते. ही मूळची पूर्व आफ्रिकेतली. 1847 मध्ये एका इंग्रज शंखशास्त्रज्ञाने ती कोलकात्याच्या बागेत आणून सोडली आणि तिथून ती देशभर पसरली. तिच्या अंगावर रोगकारक जंत असू शकतात, म्हणून तिला उघड्या हाताने शिवायचे नाही, हा आमचा पहिला नियम. शुक्रवारी संध्याकाळी ओले गोणपाट अंथरून त्याखाली कोबीची पाने आणि पपईची पाने ठेवायची. शनिवारी सकाळी गोणपाट उचलले की खाली सभा भरलेली असते. हातमोजे घालून त्या वेचायच्या आणि मिठाच्या पाण्याच्या बादलीत टाकायच्या. मीठ वाफ्यात मात्र कधीही टाकायचे नाही, माती कामातून जाते.

त्या बादलीपाशी एकदा मोठा पेच उभा राहिला. सहावीतली एक मुलगी बादलीसमोर उभी राहून म्हणाली, "मिस, उंदीर पण रोपे खातो. त्याला आपण गणपतीजवळ बसवतो आणि मोदक देतो. मग हिने काय केले?" मित्रहो, पंचवीस वर्षे मी बँकेत कर्जदारांची उत्तरे ऐकली आहेत, पण असा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. मी तिला सांगितले की उंदराला खाणारे साप, घुबड इथे आहेत. हिला आवर घालणारे इथे फारसे कोणी नाही, कारण ती परक्या देशातून आणून सोडलेली आहे. तिला ते पटले, पण अर्धेच. "ती स्वतः थोडीच आली?" असे ती म्हणाली. यावर आमच्या गटातही बराच वाद झाला. काहींचे म्हणणे, मुलांसमोर जीव मारूच नयेत. कृषी पदवीधर बाईंचे म्हणणे, शेतकऱ्याच्या मुलाला हे रोज दिसते, आपण शहरातले लोकच भाजी खातो आणि हात धुऊन मोकळे होतो. शेवटी असे ठरले की वेचायला ज्या मुलांची इच्छा असेल त्यांनीच यावे, बादलीचे काम मोठ्यांनी करावे, आणि लहान देशी गोगलगायींना हात लावू नये. ही व्यवस्था आजही तशीच चालू आहे. ती मुलगी वेचायला यायची. बादलीकडे मात्र पाठ करून उभी राहायची.

दिवाळीनंतर अवऱ्याचा मोसम येतो. बंगळुरात डिसेंबर-जानेवारीत अवरेकाईचे ढीग रस्तोरस्ती आपण पाहतोच. जुन्या देशी जातीचा अवरे दिवस लहान झाल्याशिवाय फुलत नाही. ऑगस्टमध्ये पेरलेला वेल तीन महिने नुसता पानांनी भरतो आणि नवखे स्वयंसेवक विचारतात, "याला काही लागणार आहे का?" हेसरघट्ट्याच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेने 'अर्का जय' आणि 'अर्का विजय' या दिवसाच्या लांबीवर अवलंबून नसलेल्या झुडूपवजा जाती काढल्या आहेत, त्या कोणत्याही ऋतूत येतात. तरीही आम्ही मुद्दाम जुनाच अवरे लावतो. थंडीत त्याच्या शेंगांना जो तेलकट, उग्र वास येतो त्याला इथे 'सोगडु' म्हणतात. हा शब्द मला मुलांनी शिकवला. मराठीत त्याला शब्द मला सुचत नाही. घरी जाऊन पावट्याची उसळ करून पाहिली, तेव्हा आईची आठवण झाली.

याच शेंगांवर मावा पडतो. काळ्या ठिपक्यांचा लाल ढालकिडा सगळ्यांना आवडतो, पण त्याची अळी दिसायला सुसरीच्या पिलासारखी. मुले तीच आधी चिरडतात. खरे तर मावा सर्वांत जास्त तीच फस्त करते. म्हणून एक अळी काचेच्या बाटलीत मावा लागलेल्या शेंड्यासह ठेवायची आणि तासाभराने मावा मोजायचा. एवढे केले की पुन्हा सांगावे लागत नाही.

याच दिवसांत हवा चांगली असते, म्हणून कंपन्यांचे पाहुणेही याच दिवसांत येतात. एकसारखे टी-शर्ट घालून चाळीस जण बसने उतरतात, दोन तासांत शंभर रोपे लावतात, फोटो काढतात आणि जातात. त्यांचा हेतू चांगला असतो, देणगीही उपयोगी पडते, मी नावे ठेवत नाही. पण दीड गुंठ्यात शंभर रोपे मावत नाहीत. पुढचे दोन शनिवार आम्ही आणि मुले ती रोपे उपटून विरळ करत असतो. आता आम्ही त्यांना फेब्रुवारीत या म्हणतो. फेब्रुवारीत इथली पानगळ असते. रस्ते झाडणारे पौरकार्मिक पाला गोळा करतात, तो पोत्यांत भरून शाळेत आणायचा असतो. वर्षभराच्या खताला आणि आच्छादनाला लागणारा पाला त्या एका महिन्यात साठवावा लागतो. फोटो तितका चांगला येत नाही. दोनच कंपन्या आल्या, पण त्या दरवर्षी येतात.

आणि मग उन्हाळा. मला आज मुख्यतः 2024 च्या उन्हाळ्याबद्दलच बोलायचे आहे.

2023 चा पावसाळा ओढीचा गेला होता. कर्नाटकातल्या बहुतेक तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला होता. फेब्रुवारीतच शाळेची बोअरवेल हवा ओढू लागली. मार्चमध्ये पाणीपुरवठा मंडळाने आदेश काढला की पिण्याचे पाणी बागांना, गाड्या धुवायला, बांधकामाला वापरायचे नाही, आणि वापरल्यास 5,000 रुपये दंड. आपल्यापैकी प्रत्येकाने तो उन्हाळा आपापल्या सोसायटीत काढला आहे, टँकरच्या रांगा पाहिल्या आहेत, तेव्हा जास्त सांगत नाही.

आमची तातडीची सभा झाली. काहींनी सुचवले की वर्गणी काढून बागेपुरता एक टँकर घेऊ, वर्षाची मेहनत वाया कशाला घालवायची? पैसे जमलेही असते. मुख्याध्यापिका बाई शांतपणे ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "माझ्या वर्गातल्या मुलांच्या घरी घागरी मोजून पाणी येते आहे. त्यांच्या देखत मी वाफ्यात टँकरचे पाणी सोडणार नाही." त्यावर कोणी काही बोलले नाही.

मग काय वाचवायचे आणि काय सोडायचे, हे ठरवायचे होते. हे काम आम्ही मुलांवर सोपवले. टोमॅटो, वांगी आणि पालेभाज्या सोडायच्या, असे त्यांनी अर्ध्या तासात ठरवले. वाद झाला तो पपईवरून, कारण ती फळांनी लदलेली होती. शेवटी लिंबू, कढीपत्ता आणि शेवगा ही तीन झाडे ठेवायची, पपई जगली तर जगली, आणि बाकी सगळ्या वाफ्यांवर फेब्रुवारीतला पाला वीतभर जाड अंथरून माती झाकून ठेवायची, असे ठरले. प्रत्येक झाडाच्या मुळाशी एक भाजलेले मातीचे मडके गळ्यापर्यंत पुरले. त्यात पाणी भरून वर झाकण ठेवले की ते हळूहळू झिरपते आणि वर वाफ होऊन उडत नाही.

पाणी आणायचे कुठून? शाळेत दुपारचे जेवण असते, त्याच्या तांदूळ-डाळी धुतलेल्या पाण्याच्या बादल्या निघत. ताटे धुताना पहिले खरकटे, तेलकट पाणी घ्यायचे नाही, दुसऱ्या धुण्याचे घ्यायचे. मुलांनी एक 'पाण्याची वही' घातली. तारीख, झाड, किती लिटर, कोणी घातले. मी बँकेत इतकी वर्षे खतावण्या पाहिल्या, पण एवढी काटेकोर वही क्वचित पाहिली. ती वही सहावीतल्या त्याच मुलीकडे होती. तिचे वडील यादगिरीकडचे, बांधकामावर मजूर. कुटुंब साइटवरच्या पत्र्याच्या खोलीत राहायचे.

एप्रिलमध्ये सुट्टी लागली, स्वयंपाकघर बंद झाले आणि ते पाणीही गेले. आमच्या गटातले बहुतेक लोक आपापल्या गावाला गेले. मुलांच्या परीक्षा संपतात, तिकिटे आधीच काढलेली असतात, आणि आंबे काही बंगळुरात बसून खायचे नसतात, हे मलाही कळते. मागे उरलो चौघे. घरच्या भाज्या धुतलेल्या पाण्याचे पाच-पाच लिटरचे डबे स्कूटरवरून आणायचे, तिसऱ्या दिवशी एका झाडाला चार लिटर. पाणी शुद्ध करण्याच्या यंत्रातून बाहेर टाकले जाणारे पाणी क्षारयुक्त असते, ते मोठ्या झाडांनाही आलटून पालटूनच द्यायचे. संपूर्ण एप्रिल कोरडा गेला. शाळेजवळ राहणारी पाच-सहा मुले रोज येत आणि वहीत लिहीत. दिवसभर करण्यासारखे काहीच नसे. पाला बाजूला करून बोट खुपसून पाहायचे, खाली गारवा आहे का, आणि पुन्हा झाकायचे. गटाची खरी उपस्थिती आम्ही आता एप्रिल-मेच्या हजेरीवरून धरतो, जूनच्या नाही.

मेच्या सुरुवातीला पहिला पाऊस आला. पपई त्याआधीच गेली होती. कढीपत्ता वरून वाळला, पण बुडाशी फुटला. शेवग्याला काही झालेच नव्हते, तो मुळातच निगरगट्ट. लिंबू जगले. वाफ्यांवरचा पाला उचलला तर खालची तांबडी माती काळपट झालेली होती आणि तिच्यात गांडुळे होती. एवढ्या उन्हाळ्यात! मिरजेच्या मातीची आठवण यावी असा तो रंग होता.

जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा ती वहीवाली मुलगी आली नाही. साइटवरचे काम संपले होते, कुटुंब दुसरीकडे गेले, कुठे ते कोणाला नक्की माहीत नाही. जाताना तिने वही शाळेच्या रखवालदाराच्या बायकोकडे दिली होती. शेवटची नोंद तिच्या अक्षरात आहे: लिंबू 4 लिटर, कढीपत्ता 3 लिटर. त्या लिंबाला त्या वर्षी पावसाळ्यात फळे धरली.

अशी मुले आमच्याकडे दरवर्षी असतात. रायचूर, कलबुर्गी, यादगिरी, काही आंध्रातली. कुटुंब कामामागे फिरते. ऑगस्टमध्ये पेरलेला अवरे जानेवारीत तोडायला ती तिथे असतीलच असे नाही. म्हणून त्या जूनपासून आम्ही क्रम बदलला. प्रत्येक वर्गाचे पहिले पीक महिन्याच्या आत हाती येणारे असते. मेथी, मुळ्याचा पाला, राजगिरा. पेरले त्यानेच तोडायचे आणि घरी न्यायचे. आणि प्रत्येक मुलाच्या दप्तरात वर्तमानपत्राच्या घडीच्या पुडीत अवऱ्याच्या दहा बिया असतात. परीक्षेनंतर नव्हे, पहिल्याच महिन्यात द्यायच्या. जिथे जाईल तिथे पत्र्याच्या खोलीबाहेर एखाद्या डब्यात लावता येतात. किती जणांनी लावल्या हे मला सांगता येणार नाही. एका मुलाच्या वडिलांनी होसूरहून फोन करून विचारले होते, "वेल खूप वाढला, फूल येत नाही, काय करू?" मी म्हटले, दिवस लहान होऊ द्या.

आता मंडळाच्या कामाचे. मागच्या वर्षी काही भगिनींनी विचारले होते की शाळेच्या बागेतून गणपतीच्या एकवीस पत्री मिळतील का. बाजारातल्या पत्रीच्या पुडीत कसला पाला असतो ते आपण जाणतोच. पण एकवीस मिळणार नाहीत. धोत्रा आणि कण्हेर विषारी आहेत, रुईचा चीक डोळ्यांत गेला तर इजा होते. ही झाडे मुलांच्या बागेत आम्ही ठेवत नाही. दूर्वा, तुळस, माका, आघाडा, डाळिंब, जाई आणि मरवा, एवढ्या सात देता येतील. त्या मुलेच खुडून देतील, आणि दूर्वेला 'गरिके', आघाड्याला 'उत्तराणी' म्हणतात हेही सांगतील.

त्याच्या बदल्यात आम्हाला निर्माल्य हवे आहे. फुले, दूर्वा, पत्री, केळीची पाने. हारांचे दोरे आणि जरी काढून, प्लास्टिक, थर्माकोल, कापूर, उदबत्तीच्या काड्या बाजूला करून. आमच्याकडे दोनच मोठे पिंप आहेत, त्यांत मंडपातले पहिल्या पाच दिवसांचे निर्माल्य मावते. उरलेले नेहमीप्रमाणे ओल्या कचऱ्याच्या गाडीत द्यावे लागेल. विसर्जनानंतरच्या शनिवारी सकाळी साडेसातला दोन माणसे आणि एक गाडी मिळाली तर काम होईल. येताना जुनी गोणपाटे आणलीत तर उत्तम. गोगलगायींचा मोसम आहे.